पैलवान, भुलीच्या डॉक्टरपुढं काय लपवू नको

पत्र आलंय ते थोडक्यात असं: "आक्का, मी २३ वर्षांचा, गाव करवीर तालुक्यातलं, कोल्हापुरात तालमीत राहतो. उजवा खांदा सारखा निखळतोय, आता तर आंघोळ करताना पाठीवर हात नेला तरी सटकतोय. दुर्बिणीतनं ऑपरेशन ठरलंय पुढच्या आठवड्यात, पूर्ण भूल देणार म्हणाले. दुखण्याचं मला काय वाटत नाही, पण आपल्यावर आपला ताबाच राहणार नाही हे डोक्यातनं जात नाही. नेमकं काय वाटतंय त्या टायमाला? मधेच जाग आली तर? उठलोच नाही तर? आणि भुलीत तोंडातनं भलतंच काय बाहेर पडलं तर, कारण एक नाव हाय जे घरात कुणाला माहीत नाही. अजून एक, मी मावा खातो, वस्तादांना माहीत नाही, डॉक्टरला सांगू का नको? पोरं हसतील म्हणून नाव छापू नका."

हसायचं काय त्यात? मी सगळी नोकरी ऑपरेशन थेटरात काढली, स्टाफ नर्स म्हणून, आणि सांगते तुला, टेबलावर चढताना सगळ्यात जास्त घाम फुटतो तो धडधाकट गड्यांना. नऊवारीतली म्हातारी "अंबाबाई बघून घेईल" म्हणत निवांत आडवी होते, आणि दंडावर बेटकुळ्या असलेला गडी नुसती सुई बघून पांढरा पडतो. तुझं तर अजून एक आहे. लहानपणापासनं डोक्यात बसलंय की पाठ टेकली म्हणजे कुस्ती गेली, आणि इथं आपणहून पाठ टेकायची, वर दुसरा सांगणार की आता तू काय करू नकोस. अवघड जाणारच.

पण सगळ्यात आधी मला एक सांग, तुझ्या भुलीच्या डॉक्टरांचं नाव काय? माहीत नसणार, पैजेवर सांगते. आपल्याकडं हाडाचा डॉक्टर कोण, त्याचा हात कसा आहे, त्यानं कुठल्या पैलवानाचा गुडघा केला हे सगळं अख्ख्या पेठेला विचारून होतं, आणि जो माणूस पूर्ण वेळ तुझ्या उशाशी बसून तुझा एकेक श्वास मोजणार आहे त्याचं नाव कुणी विचारत नाही. तो कंपाउंडर नसतोय बाबा, एमबीबीएस करून वर भुलीचंच शिक्षण घेतलेला डॉक्टर असतोय. सर्जन तुझ्या खांद्याकडं बघणार, हा तुझ्याकडं बघणार. ऑपरेशनच्या आधी त्यांची एक तपासणी असते, ती घाईघाईत उरकू देऊ नकोस, तुझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तिथंच आहेत.

त्या तपासणीत तोंड आ करायला लावतील, जीभ बाहेर काढ म्हणतील, मान मागं टाकायला सांगतील, दात हलतोय का विचारतील. तुला वाटेल खांद्याचं ऑपरेशन आणि हे दात काय बघत बसलेत. तर तू बेशुद्ध झाल्यावर श्वासाची नळी तोंडातनं आत घालायची असते, म्हणून ही सगळी वाट आधी बघून ठेवतात. आणि पैलवानाची मान म्हणजे अवघड प्रकरण, आखूड, जाड, ब्रिज मारून मारून घट्ट झालेली. घोरतोस का तेही विचारतील, त्याचं उत्तर तुला नाही, शेजारी झोपणाऱ्या पोरांना माहीत असणार, त्यांना विचारून जा आणि झोपेत मधेच श्वास थांबल्यासारखा होतो का तेही विचार. दाढी वाढवली असलीस तर काढून टाक, मास्क घट्ट बसत नाही.

आता मावा. सांगायचाच. नुसतं तंबाखूमुळं नाही, त्यातली सुपारी जास्त घातकी, सुपारीनं गालाच्या आतलं कातडं हळूहळू कडक होत जातंय आणि तोंड उघडायचं कमी होतंय, इतकं हळू की खाणाऱ्याला पत्ताच नसतो. आत्ता हे वाचता वाचता बघ, मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून तुझ्याच पुढच्या दातांमधनं आत जातात का. गेली तर बरं. नाही गेली तर ही गोष्ट भुलीच्या डॉक्टरला आदल्या दिवशी कळणं आणि टेबलावर तू झोपल्यावर कळणं यात फार म्हणजे फार फरक आहे, आधी कळलं तर ते वेगळी तयारी करतात, पातळ दुर्बीण घेतात, दुसरा डॉक्टर हाताशी ठेवतात. आणि मावा आजच बंद कर, पुढच्या आठवड्यात नाही. डॉक्टर काय वस्तादांना फोन करणार नाहीत, पेशंटचं सांगितलेलं बाहेर बोलायचं नसतं हा त्यांचा नियमच आहे. बरोबर वडील किंवा तालमीतलं कोण असलं तर सरळ म्हण, "मला डॉक्टरांशी एकट्याला बोलायचंय." त्यात लाजण्यासारखं काय नाही, रोज कोण ना कोण म्हणतंय.

तेवढ्यात बाकीचं पण ओकून टाक. जिममधली इंजेक्शनं, डब्यातल्या पावडरी, दुखण्यावरच्या गोळ्या, वैद्याकडची पुडी, दारू, सगळं. भांग घेत असशील तर तीही, कारण भांग गांजा घेणाऱ्याला औषधाचं प्रमाण कमीजास्त करावं लागतंय. नाडी कमी पडते का तेही सांग, रोज जोर बैठका मारणाऱ्याची नाडी बसल्या जागी ५० च्या आत असू शकते आणि ती तुझी नेहमीची आहे हे त्यांना आधी माहीत असलेलं बरं. घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का, भुलीत एकदम अंग तापलं वगैरे, हे आईला विचारून ठेव, काही गोष्टी घराण्यातनं येतात.

उपाशी राहायचं हे तुला कळवलं असेलच, पण मी थंडाईबद्दल वेगळं सांगते कारण तालमीतला माणूस थंडाईला खाण्यात धरतच नाही. दूध, बदाम, खसखस घातलेली ती वस्तू म्हणजे पाणी नव्हे, ते जेवण आहे. साधारण नियम असा की मटण, तळलेलं, तुपातलं जड काही खाल्लं असेल तर आठ तास, हलकं खाणं किंवा दूध असेल तर सहा तास, आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतंय. तुझ्या हॉस्पिटलनं रात्री दहानंतर काही नको म्हणून सांगितलं असेल तर ते ऐक, माझं नाही. आई सकाळी दया येऊन अर्धा कप चहा पुढं करणार, दुधाचा चहा म्हणजे दूधच. हा हट्ट कशासाठी तर भुलीत खोकला, ठसका, गिळणं सगळं बंद असतंय, पोटातलं वर आलं तर ते सरळ फुप्फुसात जाऊ शकतंय आणि मग ऑपरेशन राहिलं बाजूला. चुकून खाल्लंस तर सांगून टाक, फार तर ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होईल.

आता तुझा खरा प्रश्न, काय वाटतंय.

पहिल्यांदा वाटते ती थंडी. थेटरात एसी गारगार असतोय आणि तुझ्या अंगावर मागनं उघडा गाऊन, गळ्यातला ताईत, हातातलं कडं, करगोटा सगळं काढून आईकडं दिलेलं, त्यामुळं उगीचच उघडं पडल्यासारखं होतंय. पांघरूण माग, मिळतंय. छातीवर चिकटपट्ट्या लावतील, केस जास्त असले तर तेवढी जागा भादरतील. डाव्या बोटाला चिमटा, डाव्या दंडाला बीपीचा पट्टा, तो दर पाच मिनिटांनी आपोआप आवळतो, दचकू नकोस. डाव्या हातावर सुई, तिचं टोपण बहुतेक हिरवं नाहीतर गुलाबी. मग पीक पीक पीक आवाज सुरू होतो, तो तुझ्याच नाडीचा, आणि रक्तातला ऑक्सिजन उतरला तर त्या आवाजाची पट्टी उतरते, म्हणजे भुलीचा डॉक्टर दुसरीकडं बघत असला तरी त्याच्या कानाला कळतंय. नाव काय, ऑपरेशन कशाचं, कुठला खांदा हे तुला तीन तीनदा विचारतील, उजव्या खांद्यावर पेनानं खूण पण करतील. तू वैतागू नकोस, त्यांना विसर पडलाय म्हणून नाही विचारत. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मध्ये त्याची यादीच काढली, ती करण्यात पुढं होते ते अमेरिकेतले सर्जन अतुल गावंडे, वडील मूळचे आपल्या विदर्भातले. चुकीच्या बाजूला सुरी लागू नये म्हणून ती यादी.

खांद्याच्या ऑपरेशनला पुष्कळदा मानेच्या बाजूला एक वेगळं इंजेक्शन देतात, सोनोग्राफीत हाताकडं जाणाऱ्या नसा (रक्ताच्या नव्हे, संवेदनेच्या) बघत बघत, म्हणजे हातच बधिर होतो. तुला देणार का ते विचारून घे. कुणाकुणाला हे जागेपणी देतात, कुणाला झोपवून.

मग तोंडावर मास्क येतो. प्लॅस्टिकचा वास, बाकी काय नाही, आत नुसता ऑक्सिजन असतोय. इथं लोकांना वाटतंय गुदमरवणार, कारण सिनेमात रुमाल नाकाला लावला की माणूस दोन सेकंदात गार पडलेला बघितलाय. तसं क्लोरोफॉर्मनं पण होत नव्हतं कधी. तू सावकाश, खोल श्वास घेत राहा. एक इंजेक्शन देतील त्यानं डोकं हलकं होतंय, अंगातनं गरम लाट गेल्यासारखी, एखाद्याला घशात खवखवून खोकला येतो. जीभ कोरडी पडते. आणि मग ते दुधासारखं पांढरं औषध, प्रोपोफोल नाव त्याचं, सोयाबीनच्या तेलात आणि अंड्यातल्या एका घटकात घोळलेलं असतंय म्हणून पांढरं. ते शिरेतनं वर चढताना मनगटापासनं कोपरापर्यंत आग होते. आपल्या भाषेत जाळ अन् धूर संगटच. सगळ्यांना होत नाही, काही डॉक्टर आधी बधिरीचं औषध सोडतात, पण झाली तर घाबरू नकोस, ती दहा पंधरा सेकंदांची गोष्ट आहे, आणि त्या आगीबद्दल तू काहीतरी बोलायला लागशील आणि ते वाक्य पुरं होणार नाही.

बस. एवढंच. काळोख येत नाही, खाली पडल्यासारखं होत नाही, डोळे जड होऊन हळूहळू झोप लागते तसंही नाही. औषध सुरू झाल्यापासनं एक मिनिट पण लागत नाही. आणि झुंज देऊ नकोस, मी असे गडी बघितलेत जे मुठी आवळून डोळे ताणून बसतात की बघू मला कसं झोपवतंय. आकडे मोजायला लावले तर दहाच्या पुढं जाणारा मला आठवत नाही.

आणि यातलं जे खरं चमत्कारिक आहे ते पुढं. झोपेतनं उठलं की आपल्याला कळतंय, वेळ गेलाय, थोडा वेळ का होईना झोपलो होतो. भुलीत ते कळतच नाही. मधला वेळ कापून टाकलेला असतोय. एक गडी आठवतोय, खांद्याला पट्टी, हात झोळीत, बाहेर आणून ठेवलेला, आणि आमच्यावर चिडलेला की "अजून किती वेळ, सुरू तरी करा की." त्याला घड्याळ दाखवलं तरी पटेना.

त्या मधल्या वेळात काय होतंय ते ऐकायचं असेल तर ऐक, नसेल तर हा परिच्छेद सोड. स्नायू ढिले करायचं औषध देतात, मग तुझा तू श्वास घेऊ शकत नाहीस, नळी घालून मशीन घेतंय. डोळ्यांवर चिकटपट्टी लावतात, कारण पापणी अर्धी उघडी राहिली तर बुबुळ कोरडं पडून ओरखडा उठतो. आणि भुलीचा गॅस सारखा चालू ठेवावा लागतो, ही गोष्ट नीट लक्षात घे, कारण तुझ्या दोन्ही भीतीचं उत्तर यात आहे. लोकांना वाटतंय एकच भलंमोठं इंजेक्शन देतात आणि ते उतरायची वाट बघत बसतात, कमी पडलं तर मधे जाग, जास्त झालं तर संपलं. तसं नाही. ते पांढरं औषध एकटं दिलं तर पाच दहा मिनिटांतच उतरतंय. पुढची सगळी भूल मिनिटामिनिटाला दिली जाते, तुझ्या उच्छ्वासात गॅस किती आहे ते स्क्रीनवर दिसत असतंय, बीपी नाडी बघून कमीजास्त करतात. द्यायचं थांबवलं की माणूस उठतो.

तरी आकडे सांगते. मधेच जाग आल्याचं सांगणारे पेशंट किती, याची ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये मोठी पाहणी झाली, २०१४ मध्ये आली ती, त्यात साधारण १९ हजार पूर्ण भुलींमागं एक असं निघालं, त्यातही सिझेरियन आणि हृदयाची ऑपरेशनं यांत प्रमाण जास्त. तुला कुणी सांगत असेल "मला सगळं ऐकू येत होतं", तर आधी विचार की पाठीत इंजेक्शन दिलं होतं का, कारण पाठीतल्या भुलीत माणूस जागाच असतो, ऐकू येणारच, आणि हेच लोक पारावर बसून पूर्ण भुलीच्या गोष्टी सांगतात. न उठण्याचं म्हणशील तर तुझ्यासारख्या तब्येतीच्या माणसाला निव्वळ भुलीमुळं जिवाला धोका, ब्रिटनमधला आकडा साधारण लाखात एक असा सांगतात. शून्य नाही, मी खोटं बोलणार नाही. पण हायवेला बुलेटवर डोक्याला काही न घालता कागलला जाऊन येणाऱ्यांनी याची काळजी करत बसावं याचं मला हसू येतंय.

आणि हे सगळं नव्हतं तेव्हा काय होतं माहीत आहे? १६ ऑक्टोबर १८४६ ला बोस्टनमध्ये मॉर्टन नावाच्या डेंटिस्टनं भर लोकांसमोर इथर देऊन ऑपरेशन होऊ दिलं, त्याच्या आधी पेशंटला दारू नाहीतर अफू द्यायचे आणि चार दांडगे गडी त्याला दाबून धरायचे. तुझ्यासारखे.

उठताना पहिल्यांदा कान उठतात. लांबनं कोणतरी तुझं नाव घेतंय, "डोळे उघड, हात दाब, मान उचल, धरून ठेव." ते तुझी ताकद परत आली का बघत असतात. नळी काढताना खोकला येतो, पण तो बहुतेकांना आठवत नाही. घसा दोन दिवस खरखरतो. थंडी भरून दात वाजतात, तो ताप नव्हे. काहीजण रडतात, कारण नसताना, आणि तरणे दांडगे पोरगे तर कधी कधी उठताना हातपाय झाडतात, उठून बसायला बघतात, त्यांना आम्ही चार जणांनी धरलेलं असतंय आणि अर्ध्या तासानं तेच विचारतात, "मी काय त्रास दिला नाही ना सिस्टर?" नाही रे बाबा, म्हणायचं. दुसऱ्या दिवशी सगळं अंग कसून मेहनत केल्यासारखं दुखलं तर तेही स्नायू ढिले करायच्या एका औषधानं होतंय.

राहिलं ते नाव. भूल म्हणजे खरं बोलायचं औषध नाही. उठताना माणूस बोलतो ते "पाणी", "झालं का", "आई गं", यापलीकडं फारसं नाही. बडबड झालीच तर ती अर्धवट, जीभ जड, कुणाला अर्थ लागत नाही, आणि तिथं तुझे घरचे नसतात, आम्ही असतो. मी थेटरात काय काय ऐकलंय, त्यातलं जेवणाच्या सुट्टीपर्यंत काही लक्षात राहायचं नाही, बीपी लिहायचं असायचं. वॉर्डात नेईपर्यंत तू बऱ्यापैकी शुद्धीत असशील.

मानेतलं इंजेक्शन दिलं असेल तर एका गोष्टीची तयारी ठेव. उजवा हात तुझा राहिलेला नसेल. झोळीत एक जड वस्तू पडलीय, बोटं दिसतायत, हलव म्हटलं तर हलत नाहीत. याला माणूस ऑपरेशनपेक्षा जास्त घाबरतो. बारा तास, कधी अठरा तास पण राहतंय हे, मग मुंग्या येऊन उतरतंय. त्या बाजूची पापणी थोडी खाली येते, आवाज बसतो, तेही आपोआप जातंय. तोपर्यंत गरम पिशवी वगैरे त्या हाताजवळ आणू देऊ नकोस, भाजलं तरी कळणार नाही. आणि बधिरपणा बहुतेक मध्यरात्री उतरतो आणि दुखणं एकदम येतं, हळूहळू नाही. म्हणून सिस्टर दुखण्याची गोळी आणून देईल तेव्हा "मला काय दुखत नाही" म्हणून परत पाठवू नकोस, पैलवानकी तिथं नको.

गगनबावड्याचा घाट उतरताना तुला एसटीत मळमळतंय का? असेल तर भुलीच्या डॉक्टरला आधी सांग, अशा लोकांना नंतर उलट्या जास्त होतात आणि त्यावर आधीच इंजेक्शन देता येतंय. खाणं पहिल्यांदा पाण्याचे घोट, मग पेज, इडली, डॉक्टर म्हणतील तसं. कुणीतरी प्रेमानं तांबडा पांढरा डब्यात घालून आणणार, त्याला परत पाठव. पहिले २४ तास गाडी चालवायची नाही, दारू नाही, आणि कुठल्या कागदावर सही करायची नाही, तुला वाटेल डोकं साफ आहे, नसतंय. पोरांना सांग एकानंच थांबायचं, अख्खी तालीम वॉर्डात आणली तर सिस्टर मलाच शिव्या घालतील.

त्या थांबणाऱ्या पोराला एवढं मात्र सांगून ठेव. मानेतल्या इंजेक्शननं त्या बाजूचा श्वासाचा पडदा काही तास कमी हलतो, थोडं जड वाटतंय, उशाला दोन उश्या देऊन बसतं केलं की बरं वाटतंय. पण तसं करूनही धाप लागायला लागली, ओठ काळसर दिसले, नाहीतर हाक मारली तरी नीट ओ देत नसलास, तर "सकाळी राउंडला सांगू" म्हणून बसायचं नाही, ड्युटीवरच्या डॉक्टरला झोपेतनं उठवायचं, त्याचाच त्याला पगार मिळतोय.